आदिवासी स्त्रीची पाठराखीण

आदिवासी स्त्री मुक्त आहे, हे वाक्य शहरी विद्वानांच्या व्याख्यानांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणास वाटेनाशी झाली आहे. तिला पडदा नाही, काडीमोडास व पुनर्विवाहास मज्जाव नाही, हे खरे. परंतु सातपुड्याच्या पाड्यावरची स्त्री नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतते, तेव्हा बापापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो देजाचा. भिल्ल-पावरा समाजात वरपक्ष वधूपित्यास देज देतो. मुलगी नांदणार नाही म्हटले की ते परत करणे आले. पैसा तर केव्हाच खर्ची पडलेला. मग पंच बसतात, रकमेची घासाघीस होते, आणि जिच्या अंगावर वळ आहेत तिला कुणी काही विचारीत नाही. बहुधा ती परत पाठवली जाते.

नववधूबरोबर सासरी पाठराखीण धाडण्याची रीत मराठी मुलखात जुनी आहे. खरी पाठराखीण हवी ती या बैठकीत. तिने जखमांची नोंद करवून घ्यावी, रात्रीचा निवारा शोधावा, दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज न्यावा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, भिलोरीत किंवा पावरीत सांगितलेली हकिगत सरकारी मराठीत जशीच्या तशी उतरेल हे पाहावे. तेथे एक शब्द निसटला की मारहाणीचे ‘घरगुती भांडण’ होते.

ही पाठराखीण सरकारने देऊ केली आहे म्हणे! 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत, मदतीस संरक्षण अधिकारी. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नसला, तरी या कायद्याचे दार त्यांच्या स्त्रियांना उघडे आहे. कागदावर सारे चोख. प्रत्यक्षात हे पद अनेक ठिकाणी दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या माथी जादा कामाचे ओझे म्हणून मारले गेले. जिल्ह्या-तालुक्यांत असे अधिकारी नेमा, हे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावून सांगावे लागले!

मग तिने पोलीस ठाण्यात जावे? 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, देशभर संताप उसळला, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ठाण्याची पायरी मात्र आदिवासी स्त्रीला आजही तितकीच उंच वाटते.

सरकारला दोष देणे सोपे आहे. ‘हा त्यांच्या रूढीचा प्रश्न, त्यात पडू नये’ असे अधिकारी म्हणतो. ‘आता हा विषय काढला तर संघटनेत फूट पडेल’ असे आपला कार्यकर्ता म्हणतो. दोघांच्या बोलण्यात फरक तो काय? 1972-73 मध्ये शहाद्याच्या श्रमिक संघटनेतील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला बडवणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला. जमिनीचा लढा त्यामुळे दुबळा झाला नाही. उलट लढ्याला माणसे मिळाली. दारू गेली की मारही जाईल, ही समजूत मात्र भाबडी होती. न पिणारेही मारतात.

वनहक्क कायद्यासाठी पक्षोपक्षांच्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले. 2006 च्या त्या कायद्याप्रमाणे विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे होतो. याचा अर्थ, घराबाहेर काढलेली स्त्री भिकारीण नव्हे, त्या जमिनीची हक्कदार आहे. देज परत मागणाऱ्या पंचांपुढे हा कागद मांडला, तर बैठकीचा नूरच पालटेल. पण तो कागद तिच्या हाती क्वचितच असतो. तो नवऱ्याच्या पेटीत असतो आणि त्याची नक्कल आपल्या तालुका कचेरीच्या कपाटात. तालुका समित्यांनी ते कपाट उघडावे, यादीतल्या दुसऱ्या नावाची बाई सध्या कोठे राहते, हे पाड्यावर जाऊन पाहावे, आणि पंचांच्या पुढच्या बैठकीस तो कागद घेऊन एका कार्यकर्तीला तिच्याबरोबर पाठवावे.