खेळानंतरचा खाऊ

मुलांनी मैदानावर यावे यासाठी आपण बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे पालकांच्या मागे लागलो. आज इंदूरची मैदाने प्रशिक्षणवर्गांनी गजबजलेली दिसतात, याचे समाधान आहे. मात्र सरावानंतर मुलाच्या हाती जे पडते, त्याविषयी माझी तक्रार आहे. चिप्सचे पाकीट आणि शीतपेयाची बाटली हा जणू खेळाचाच भाग झाला आहे. ‘एवढा घाम गाळला, आता खाल्ले तर काय बिघडते?’ हा प्रश्न प्रेमापोटी येतो. हिशेब मात्र त्यात चुकतो.

आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १७०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दहा टक्क्यांहून कमी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमपर्यंत असावी. २५० मिलिलिटर कोलामध्येच ती २५ ग्रॅमच्या घरात जाते. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. मे महिन्याच्या उन्हात सराव लांबला तर चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे सरबत. कॅफिनयुक्त ‘एनर्जी ड्रिंक’च्या डब्यावर तर ते मुलांसाठी नाही असे छापणे बंधनकारक आहे, तरी तेरा-चौदा वर्षांचे खेळाडू ते मोठ्या ऐटीत पितात.

पोह्यांवर माझा राग नाही. इंदूरकराचा कसा असेल? शेव बेताची आणि जिलबी सुटीपुरती, एवढेच. केळे, भाजलेले चणे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू हे सारे स्वस्त आणि सहज डब्यात मावणारे. (सोबत आलेल्या चार-पाच वर्षांखालील भावंडांना मात्र चणे-शेंगदाणे नकोत, श्वासनलिकेत अडकलेला दाणा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे.)

२०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेत व शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अति साखर, मीठ व चरबीयुक्त पदार्थांची विक्री रोखली. त्यापलीकडच्या क्रीडांगणांना हे बंधन नाही. तेथे आयोजकांच्याच विवेकावर भिस्त. अशा स्पर्धांना प्रमुख पाहुणे वा वैद्यकीय अधिकारी म्हणून आपल्याला बोलावणे येते. होकार देण्यापूर्वी, मुलांना खाऊ काय देणार, एवढे आपण विचारावे. मी गेली काही वर्षे विचारतो. एका आयोजकाने पुन्हा बोलावले नाही. दुसऱ्याने केळ्यांचे घड आणि पाण्याचे माठ ठेवले. बक्षीस समारंभापर्यंत एकही केळे उरले नव्हते.