सुगीच्या दिवसांत तान्ह्या बाळाचे दूध

सोयाबीनची काढणी उरकते न उरकते तोच कापूस वेचणीला येतो. अशा वेळी अंगावर पिणारे लेकरू सासूबाईंच्या मांडीवर ठेवून सुनेला रानात जावे लागते. दुपारी बाळ भुकेने आकांत करते. मग बाजारातून बाटली येते, तीत पाणी घातलेले म्हशीचे दूध भरले जाते आणि थोड्याच दिवसांत बाळाला हगवण लागते. दोष मात्र येणाऱ्या दातांना किंवा दृष्टीला दिला जातो.

भगिनींनो, आई रानात असली तरी बाळाला आईचेच दूध मिळू शकते. त्यासाठी बाटलीही लागत नाही. मात्र त्याची सवय कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधीपासून लावावी.

बाटली का नको?

बाटलीचे बूच आतून स्वच्छ होत नाही. कोपऱ्यात दूध साचते, आंबते आणि रोगजंतू वाढतात. शिवाय बुचातून दूध आपोआप येते. त्याची चटक लागली की काही बाळे अंगावर ओढायचा कंटाळा करतात आणि आईचे दूध कमी होत जाते. म्हणूनच १९९२ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने दुधाच्या बाटल्या व डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घातली. २००३ साली तो आणखी कडक करण्यात आला. त्यापेक्षा स्टीलची वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. घासायला सोपे, उकळायला सोपे.

दूध कसे काढावे?

हात साबणाने धुवावेत. उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी घ्यावी. स्तनावरील काळसर वर्तुळाच्या कडेला अंगठा वर आणि बोटे खाली ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग चिमटीत हलके दाबून सोडावे. पहिल्या दिवशी चार थेंबच निघाले तरी निराश होऊ नये. सवयीने धार लागते. दुखता कामा नये. दुखले तर बोटांची जागा बदलावी.

झाकण ठेवून गार सावलीत हे दूध चार तास चांगले राहते. उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावे. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवावे. फ्रीज असल्यास २४ तास ठेवता येते. वर साय आली तर दूध नासले असे समजू नये, हलकेच ढवळावे. चुलीवर तापवू नये, कोमट पाण्यात वाटी धरावी. बाळाचे उष्टे दूध पुन्हा ठेवू नये.

सवय कशी लावावी?

पहिले काही दिवस आजीनेच पाजावे, आईने नजरेआड राहावे. आईचा वास आला की बाळ वाटीला तोंड लावत नाही. बाळ फार भुकेले किंवा पेंगुळलेले नसावे. त्याला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, आडवे निजवू नये. चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि बाळाला जिभेने चाटू द्यावे. घशात ओतू नये, ठसका लागतो. मान फिरवली की थांबावे. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरे. हळूहळू ते एका वेळी ६० ते ९० मिलिलिटर पिऊ लागते.

आईने लक्षात ठेवावे

निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर बाळाला अंगावर पाजावे. रात्रीचे पाजणे सोडू नये, त्यानेच दूध टिकते. शेत जवळ असेल तर दुपारी बाळालाच बांधावर आणवावे. नाहीतर तीन-चार तासांनी दूध काढून टाकावे, म्हणजे छाती दगडासारखी होत नाही. तान्हे बाळ असताना फवारणीच्या कामाला जाऊ नये. रानातून आल्यावर हात धुवून, लुगडे बदलूनच बाळ घ्यावे.

सहा महिने पुरे होईपर्यंत वरचे पाणी, मध, गुटी काहीही देऊ नये. बाळाची लघवी कमी झाली, ते मलूल पडले किंवा पातळ शौच होऊ लागले तर वाट न पाहता आशाताईंना कळवावे व आरोग्य केंद्र गाठावे.

आणि घरच्या मंडळींनो, दूध काढायला सुनेला सकाळी अर्धा तास लागतो. तेवढा वेळ चुलीपाशी दुसऱ्या कुणी बसले, तर बाळाची दुपार सुखाची जाईल.