मागून धडकला तोच दोषी, हा निवाडा अपुरा आहे

धारूरच्या घाटात दोन वाहने एकमेकांवर आदळली की पोलीस येण्याआधीच निवाडा होऊन जातो. चार माणसे जमतात, मागच्या वाहनाचा चेपलेला दर्शनी भाग पाहतात आणि सांगून टाकतात, "मागून ठोकले ना? मग मागच्याचीच चूक." तेथेच रक्कम ठरते. मागचा ड्रायव्हर खिसे चाचपतो, मालकाला फोन लावतो, आणि पैसे मिळेपर्यंत त्याच्या वाहनाची चावी दुसऱ्याच्या हातात राहते.

या निवाड्यात कधी न्याय होतो, कधी उघड अन्याय. मागच्या टेम्पोत सीताफळांचे क्रेट असतात, सरकीची पोती असतात, नाहीतर घडवलेल्या खिडक्या-दारे असतात. तो माल आणि कर्जाने घेतलेला तो टेम्पो हेच ज्याचे सर्वस्व, असा एखादा बागवान किंवा सुतार त्याचा मालक असतो. पुढची उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरही पुष्कळदा आपल्यातल्याच कोणाचा तरी असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ रहदारीचा नाही. तो आपल्या रोजीचा आहे, आणि कोणाचा पैसा कोणाला हलाल आहे याचाही आहे.

चौकातला नियम अर्धा खरा

मागच्याला दोष देण्याची ही रीत अगदीच निराधार नाही. १९८९ च्या रस्ते नियमावलीतील २३ वा नियम सांगत होता की, पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी धडक होणार नाही, इतके अंतर मागच्याने राखलेच पाहिजे. २०१७ साली त्या नियमावलीच्या जागी नवी नियमावली आली, पण हे कर्तव्य कायम राहिले. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात ट्रकमागे मारुती कार चालली होती. ट्रकने एकदम ब्रेक लावला आणि कार मागून धडकली. दोन वाहनांत अंतर होते १० ते १५ फूट. "पुढच्याने अचानक ब्रेक मारला" ही तक्रार न्यायालयाने मानली नाही. इतके कमी अंतर राखणे हाच कारचालकाचा निष्काळजीपणा ठरला.

याचा हिशेब कोणाही व्यापाऱ्याला पटेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. १५ फूट अंतर ते पाव सेकंदात कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायलाच एक सेकंद लागतो. म्हणजे १५ फुटांवरून चालणाऱ्याने ब्रेक दाबण्यापूर्वीच धडक झालेली असते. पुढच्या वाहनाने मैलाचा दगड ओलांडल्यापासून आपण तेथे पोचेपर्यंत किमान दोन-तीन सेकंद गेले पाहिजेत. वाहन मालाने भरलेले असेल, रस्ता ओला असेल किंवा घाटाचा उतार असेल, तर त्याहून अधिक. एवढे अंतर राखले नसेल तर "त्याने ब्रेक मारला" हे सांगून सुटता येत नाही. सुटूही नये.

पुढच्याचाही हिशेब द्यावा लागतो

पण अर्ध्या सत्यावर पूर्ण निवाडा देणे हा जुलूमच होय. सुरक्षेचे कारण नसताना एकाएकी ब्रेक लावू नये, हेही त्याच १९८९ च्या नियमावलीत होते. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडून जाण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम मनाई करते.

कारचालकाला दोषी धरणारा वरील निकाल लागण्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक खटला निकाली काढला. त्यात रात्रीच्या वेळी गॅसचा टँकर भर रस्त्यात दिवे न लावता उभा होता. समोरून येणाऱ्या वाहनांच्या प्रकाशाने कारचालकाचे डोळे दिपले आणि कार मागून टँकरवर आदळली. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सगळा दोष टँकरवर ठेवला. येथेही मागून धडकणारी कारच होती, तरी निकाल अगदी उलटा लागला.

जुलै २०२५ चा निकाल तर अधिक बोलका आहे. कोइमतूरजवळ २०१७ साली एका कारचालकाने हमरस्त्यावर कसलाही इशारा न देता कार थांबवली. पत्नी गरोदर होती, तिला मळमळू लागले, हे त्याचे कारण. मागचा मोटारसायकलस्वार विद्यार्थी कारवर आदळून पडला, मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली आणि पाय कापावा लागला. न्यायालयाने कारचालकाचा दोष ५० टक्के, बसचा ३० टक्के आणि विद्यार्थ्याचा २० टक्के धरला. विद्यार्थ्याने पुरेसे अंतर राखले नव्हते व त्याच्याजवळ वैध परवाना नव्हता, म्हणून त्याचे २० टक्के कापले गेले. पत्नीची अडचण खरी होती, परंतु भर रस्त्यात थांबून तिचे ओझे दुसऱ्याच्या जिवावर टाकता येत नाही.

फिकहने हे पूर्वीच तोलले आहे

हा विचार आपल्याला परका नाही. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांचा 'हिदाया' हा हनफी ग्रंथ आपल्या मदरशांत आजही शिकवला जातो. त्यात जनावराकडून होणाऱ्या इजेचा स्वतंत्र भाग आहे. रस्त्यावरून जाणे प्रत्येकाला मुबाह आहे, मात्र सलामतीच्या शर्तीने, हे त्याचे मूळ. स्वाराच्या जनावराने कोणाला तुडवले तर स्वार भरपाईला बांधील आहे, कारण ते टाळणे त्याच्या हाती असते. चालत्या जनावराने मागच्या पायाने लाथ मारली तर तो बांधील नाही, कारण चालत असताना ते टाळणे त्याच्या हाती नसते. पण त्याने जनावर रस्त्यात उभे केले आणि मग लाथ बसली, तर ती भरपाईही त्याच्याच माथी. चालणे अटळ आहे, रस्त्यात थांबणे अटळ नाही.

घोड्याच्या जागी ट्रॅक्टर ठेवून पाहा. समोरच्याला तुडवणारा, म्हणजे मागून येऊन धडकणारा, जबाबदार आहे. आणि वाट अडवून उभा राहणाराही जबाबदार आहे. जून १९९३ मध्ये ब्रुनेई येथे भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने रहदारीच्या अपघातांवर ठराव केला. रहदारीचे नियम पाळणे शरीअतच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, आणि नुकसानीला दोन कारणे असतील तर ज्याचा जितका परिणाम तितकी त्याची जबाबदारी, असे त्यात सांगितले आहे. न्यायालय टक्के पाडते ते याहून वेगळे काय करते?

घाटातली तिसरी गोष्ट

आपल्या घाटात आणखी एक प्रकार होतो आणि तेथे चौकातला नियम पार फसतो. क्षमतेपेक्षा जास्त भरलेले वाहन चढावर दम तोडते आणि मागे घसरून पाठीमागच्या वाहनावर येते. नुकसान दिसायला तेच असते. याची पाठ चेपलेली, त्याचे तोंड फुटलेले. जमलेली माणसे मागच्यालाच धरतात आणि तो बिचारा उभ्या जागी गुन्हेगार ठरतो. सत्य सांगतात त्या रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, वाहनांची जागा आणि चढाची दिशा.

म्हणून आमचे सांगणे आहे की, वाहने हलवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. दोन्ही वाहनांची जागा, टायरच्या खुणा, पुढच्या वाहनाचे मागचे दिवे आणि पाटी त्यात यावी. पण जखमी माणूस असेल तर आधी त्याला दवाखान्यात पोचवा, फोटो नंतर. कोणी जखमी नसेल आणि नुकसान किरकोळ असेल तर आपसात सुलह करण्यास हरकत नाही, सुलह चांगलीच. ती मात्र कागदावर, दोघांच्या सह्यांनी व्हावी. जखम असेल तर रस्त्यावर तोडपाणी मुळीच करू नये. पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही लगेच कळवावे.

विम्याविषयी आपल्या काही बांधवांच्या मनात शरीअतच्या दृष्टीने संकोच असतो. परंतु तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि अशा सक्तीच्या विम्याला अनेक उलेमांनी मुभा दिली आहे. तो उतरवला नाही तर भरपाई मालकाच्या दुकानातून आणि घरातून वसूल होते. दुसऱ्याचा हक्क बुडण्याची वेळ येते ती वेगळीच.

टेम्पोत मालाबरोबर बसून जाणाऱ्या व्यापाऱ्याने मालाची पावती जवळ ठेवावी. मालाच्या मालकाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याचे संरक्षण आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या इतरांना ते नाही. दोन्ही ड्रायव्हर दोषी असले तरी जखमी प्रवाशाला त्यांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. अपघात पुण्याकडे झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातील प्राधिकरणापुढे दाखल करता येतो. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून चालढकल करू नये.

आधी आपली गाडी पाहू

उसाचा हंगाम आला की रात्री घाटातून ट्रॉल्यांची रांग लागते. उसाची टोके मागे लोंबत असतात आणि त्यांच्याखाली लाल दिवा असला तरी दिसत नाही. गाडी बंद पडली की मागे दगड मांडतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तेथेच राहतात आणि पहाटे मोटारसायकलवर निघालेला एखादा दूधवाला त्यांवर पडतो. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. ती वस्तू आपण स्वतःच ठेवून जात असू, तर आपल्याला काय म्हणावे? परावर्तक पट्टी आणि लाल त्रिकोण यांना फार पैसे लागत नाहीत. आपले मेकॅनिक बांधव दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचा मागचा दिवा तपासू लागले, तर ते मोठे पुण्याचे काम होईल.

राहिली साक्ष. पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये, स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष देण्याची आज्ञा आहे. ती घाटातल्या गर्दीलाही लागू आहे. ड्रायव्हर आपल्या मोहल्ल्यातला आहे म्हणून पुढच्याला दोष देणे, किंवा तो परगावचा आहे म्हणून मागच्याची चावी काढून घेणे, दोन्ही खोट्या साक्षीचेच प्रकार आहेत. दोष नसलेल्याकडून दबावाने घेतलेले पाच हजार रुपये घरात बरकत आणणार नाहीत. आणि ज्याने अंतर राखले नाही, त्याने दुसऱ्याच्या ब्रेकआड न लपता दुसऱ्याचे नुकसान भरून द्यावे. पुढच्या वेळी घाटात गर्दी दिसली तर निवाडा करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. मागच्याने किती अंतर राखले होते, आणि पुढच्याने काय केले होते?