जनुकाची अर्धी साक्ष

इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने २००९ साली, खुन्याच्या ठायी ‘एमएओए’ या जनुकाचा मंद प्रकार आढळल्याचा अहवाल ग्राह्य धरून त्याची सजा एक वर्षाने घटवली, हे मला अनुचित वाटते. कारण न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात ज्यांची बालपणापासून पाहणी चालू होती, अशा पुरुषांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुकाचा हाच प्रकार असूनही ज्यांच्या वाट्याला लहानपणी छळ आला नव्हता, ते इतरांहून अधिक हिंसक निघाले नव्हते. दोन्हींच्या संयोगानेच प्रवृत्ती विशेषत्वाने बिघडली. (युरोपीय पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांशांत हा प्रकार असतो, ते सारे काही खुनी नव्हेत!) तेव्हा आरोपीच्या रक्ताचा अहवाल मागवणाऱ्या न्यायाधीशांनी त्याच्या बालपणाची चौकशीही त्याच हुकमाने करवावी.