आयुक्तांवरचे मत कोणाचे?

भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या सभागृहात 90 नगरसेवक निवडून येतात. आयुक्तांवर अविश्वास ठराव मंजूर करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 36(3) नुसार एकूण सदस्यांपैकी किमान पाच-अष्टमांश मते ठरावाच्या बाजूने पडावी लागतात. भिवंडीत हा आकडा 57 होतो. 2017 च्या निवडणुकीत काँग्रेसने 47 जागा जिंकल्या आणि शहराने बऱ्याच काळाने एका पक्षाचे निर्विवाद बहुमत पाहिले. पण त्या बहुमतालाही आयुक्तांना एकट्याने घरी पाठवता आले नसते. कायद्याने हा उंबरठा उंच ठेवला तो विचारपूर्वकच. ठराव मंजूर झाला की सरकारने आयुक्तांना तत्काळ परत बोलवावे, अशी तरतूद आहे. एवढा मोठा अधिकार कुठल्या एका गटनेत्याच्या रागलोभावर चालू नये, त्यासाठी पक्षापलीकडची सहमती लागावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

हा हेतू आपल्या राजकीय पक्षांनी कसा धुळीला मिळवला, हे पाहायला नवी मुंबईपर्यंत गेले तरी पुरे. 25 ऑक्टोबर 2016 रोजी तिथल्या महापालिकेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर 104 विरुद्ध 6 मतांनी अविश्वास ठराव मंजूर केला. राष्ट्रवादी, शिवसेना, काँग्रेस असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका रांगेत बसले. विरोधात हात वर झाले ते भाजपच्या सहा जणांचे. आम्ही कर्तव्यकठोर अधिकाऱ्याच्या पाठीशी आहोत, अशी तेव्हा त्या पक्षाची भूमिका होती. पुढे मार्च 2017 मध्ये मुंढे पुण्यात पीएमपीएमएल या बससेवा कंपनीत गेले आणि 2018 च्या सुरुवातीला नाशिकचे आयुक्त झाले. नाशिकमध्ये भाजपची एकहाती सत्ता. करवाढीवरून वाद पेटला आणि ज्या पक्षाने नवी मुंबईत मुंढेंची पाठराखण केली, त्याच पक्षाच्या नगरसेवकांनी त्यांच्याविरुद्ध अविश्वासाची तयारी केली. विशेष महासभेची तारीख ठरली. मग सभेच्या तोंडावर मुख्यमंत्र्यांचा निरोप आला आणि ठराव मागे घेतला गेला. करवाढ अन्यायाची होती की नव्हती, हा प्रश्न मुंबईहून आलेल्या निरोपाने निकालात निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली. याच 2018 च्या मार्चमध्ये पनवेलमध्ये भाजपच्याच बहुमताने आयुक्त सुधाकर शिंदे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला होता. विरोधी बाकांवरचा शेतकरी कामगार पक्ष आयुक्तांच्या बाजूने उभा राहिला.

दीड-दोन वर्षांत एकाच पक्षाच्या तीन महापालिकांत तीन भूमिका. अधिकाऱ्याची कार्यपद्धती बदलली म्हणून मत बदलले, असे यातल्या कोणीही म्हणू शकणार नाही. बदलले ते सत्तेचे स्थान. पालिका आपली नसेल तर आयुक्त धडाडीचे, आपली असेल तर तेच हेकेखोर. हे फक्त भाजपचे दुखणे आहे असेही नाही. नवी मुंबईत 104 च्या बाजूला बसलेल्यांपैकी किती जणांनी आरोप कागदावर वाचून मत दिले, हे त्या पक्षांनीही कधी सांगितलेले नाही.

याचा अर्थ आयुक्त म्हणजे साधुसंत आणि नगरसेवक म्हणजे टक्केवारीवाले, असा करून घेण्याची सध्याची समाजमाध्यमी सवयही आम्हाला मान्य नाही. अधिकाऱ्यावर आरोप झाला की त्याच्या नावाने मोर्चे काढायचे आणि लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला शिव्या घालायच्या, यातून लोकशाही बळकट होत नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे झोपेतच गेली. पालिकेच्या अधिकाऱ्यांचे निलंबन झाले. शहरातल्या धोकादायक इमारतींची यादी कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहते, नोटीस बजावल्यानंतर पुढे काय होते, हे विचारण्याचा पहिला हक्क महासभेचा आहे. असा प्रश्न विचारून उत्तर मिळाले नाही तर आयुक्तांवर अविश्वास आणणे हे सभागृहाचे कर्तव्यच ठरेल. तिथे ‘आयुक्त आमच्या सरकारने पाठवलेले आहेत’ ही सबब चालता कामा नये.

आता पक्षादेश मोडल्याचा भिवंडीचाच एक अनुभव. डिसेंबर 2019 ची महापौर निवडणूक. काँग्रेसच्या रिषिका राका आणि कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील यांच्यात लढत झाली. कोणार्कचे नगरसेवक अवघे चार. काँग्रेसचे 47 आणि तिच्यासोबत असलेल्या शिवसेनेचे 12 धरले तर 59. निकाल लागला तो पाटील यांच्या बाजूने, 49 विरुद्ध 41. काँग्रेसच्या 18 नगरसेवकांनी पक्षादेश धाब्यावर बसवला होता. पक्षनिष्ठा झुगारून अठरा जण उभे राहिले म्हणजे तत्त्वाचा विजय झाला काय? शहरात तेव्हा असे म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. मतदानापूर्वी महासभेत उठून ‘आमच्या उमेदवारात अमुक उणीव आहे, म्हणून आम्ही पक्षाविरुद्ध जात आहोत’ असे लोकांना पटणारे कारण अठरांपैकी कोणी दिले नाही. पुढे याच मंडळींनी राष्ट्रवादीची वाट धरली. गंमत म्हणजे राज्यात तेव्हा राष्ट्रवादी ही काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसली होती. अपात्रतेचे प्रकरण कोकण विभागीय आयुक्तांकडून राज्य सरकारकडे गेले. सहा वर्षांच्या अपात्रतेचा आदेश निघाला तो 2023 मध्ये, सभागृहाची मुदत जून 2022 मध्येच संपल्यानंतर. बंड करणाऱ्यांनी पूर्ण पाच वर्षे खुर्ची उबवली.

म्हणून आमचे म्हणणे असे की पक्षादेश मोडला एवढ्याने कोणी तत्त्वनिष्ठ ठरत नाही आणि पाळला एवढ्याने लाचार ठरत नाही. कारण सांगितले का, मत देण्याआधी सांगितले का, आणि त्याची काही किंमत मोजायची तयारी होती का, एवढेच पाहायचे. आपला कायदा मात्र हे काहीच पाहत नाही. स्थानिक संस्थांसाठी 1986 साली राज्याने केलेला सदस्य अपात्रता कायदा महापौरपदाचे मत आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या वर्तनावरचे मत यांत फरकच करत नाही. पक्षाने आदेश काढला की दोन्हीकडे डोक्यावर तीच तलवार. सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोतो होलोहान निकालात संसद आणि विधिमंडळांबाबत वेगळा विचार मांडला होता: अपात्रतेची टांगती तलवार असलेला पक्षादेश सरकार टिकण्या-पडण्याच्या प्रश्नापुरता किंवा पक्षाच्या मुख्य धोरणापुरता असावा. त्याला तीन दशके उलटली, पण पक्षांनी तो मनावर घेतला नाही.

त्या निकालाच्या दुसऱ्याच वर्षी, पक्षाकडे पाहून मत कसे ठरते याचा नमुना संसदेने दाखवला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोपांच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध मानले. मे 1993 मध्ये लोकसभेत त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही. काँग्रेस आणि मित्रपक्षांचे 205 सदस्य तटस्थ बसले आणि ठराव पडला. आरोप खोटे आहेत, असे मत नोंदवण्याची हिंमत सभागृहात कोणाकडेच नव्हती. गप्प बसण्याची मात्र शेकडोंकडे होती. अठरा वर्षांनी राज्यसभेने न्यायमूर्ती सौमित्र सेन यांना हटवण्याच्या बाजूने 189 विरुद्ध 17 असा कौल दिला, तेव्हा बहुतेक पक्षांनी पुराव्याकडे पाहून मत दिले. म्हणजे ते जमते.

महापालिकेतही जमायला हरकत नाही. अविश्वासाचा ठराव आणणाऱ्यांनी आरोप लेखी द्यावेत, आयुक्तांचे उत्तर विषयपत्रिकेसोबत सर्व नगरसेवकांच्या हाती आधी पडावे आणि कोणी कुठे मत दिले त्याची नावानिशी यादी पालिकेच्या संकेतस्थळावर यावी. सहलीच्या नावाखाली नगरसेवकांना एखाद्या रिसॉर्टवर कोंडून थेट मतदानाला हजर करायचे, ही पद्धत महापौर निवडीत रुजली ती रुजली. निदान अधिकाऱ्याची पात्रता तपासायच्या दिवशी तरी ती नको. राज्य सरकारने 1986 च्या कायद्यातून अधिकाऱ्यांवरच्या ठरावांना पक्षादेशाच्या कक्षेबाहेर काढावे. मुंबईतून निरोप पाठवून ठराव मागे घ्यायला लावण्याची सोय ज्यांना हातची जाऊ द्यायची नाही, ते ही दुरुस्ती करणार नाहीत, हेही आम्ही जाणतो.

पण कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पक्षादेश काढलाच नाही तर त्याचा भंगही होत नाही. भिवंडीतल्या सर्व गटनेत्यांनी महासभेत उभे राहून एवढेच लेखी द्यावे, की आयुक्तांवरच्या कोणत्याही ठरावावर आमचा पक्ष आदेश काढणार नाही. मतदारांनी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे हे पत्र मागावे.