वर्षभराची पाटी

हमीपत्र म्हणजे ग्राहकाला मिळालेले अभयवचन, असा आपला भाबडा समज असतो. वास्तविक ते विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीभोवती घातलेले कुंपण आहे. बारा महिने भरले की फाटक लागते आणि आपण बाहेर उभे राहतो.

आमच्या वसतिगृहासाठी एका दात्याच्या देणगीतून ई-वाचनयंत्र घेतले होते. किंमत अकरा हजार रुपये. जव्हार-मोखाड्यात पुस्तक मिळवणे किती कष्टाचे, हे इथे राहिलेल्यालाच ठाऊक. त्यासाठी नाशिक गाठावे नाहीतर वसई, आणि आणलेले पुस्तक पावसाळ्यात बुरशीपासून जपावे. अशा ठिकाणी शेकडो ग्रंथ पोटात सामावणारी पाटी मुलांना किती प्रिय झाली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. चौदाव्या महिन्यात ती बंद पडली. कंपनीचे उत्तर आले: मुदत संपली आहे, दुरुस्ती होत नाही, नवे यंत्र घेतल्यास सवलत देऊ. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ही खोड एकट्या तिची नाही.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे अकरा हजारांसाठी पस्तीस दिवसांहून अधिक माती उपसावी लागते. ज्यांच्या मुलांसाठी हे यंत्र घेतले, त्यांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांना ‘सवलत’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा?

यंत्र झिजले म्हणावे, तर तेही पटत नाही. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांतील काळे-पांढरे कण विजेच्या भाराने खाली-वर होतात आणि अक्षरे उमटतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. (म्हणूनच आमच्या मेलेल्या पाटीवर शेवटचे पान अजून स्पष्ट दिसते, पुढचे तेवढे येत नाही.) तीन आठवड्यांतून एकदा चार्जिंग केले, तर वर्षाला सतरा-अठरा वेळा होते. लिथियम बॅटरी तीनशे वेळा चार्ज होते असे धरले, तरी सोळा-सतरा वर्षांचा हिशेब निघतो. उष्णतेने आणि काळाने ती आपोआपही खंगते, हे मान्य. पण चौदा महिन्यांत? आणि दोष बॅटरीचा की आणखी कशाचा, हे पाहायचे कसे? कवच गोंदाने चिकटवलेले, सुटे भाग बाजारात नाहीत.

यावर उत्तर तयार असते: चिकटवल्यामुळे यंत्र पातळ राहते, आत पाणी शिरत नाही. मग पाण्यात चालणारी मनगटी घड्याळे आजवर कशी उघडली जात होती? स्क्रू आणि रबराची कडी यांनी ते काम होत आले आहे. जे उघडू द्यायचेच नाही, त्यासाठी सबबी सापडतात.

जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. ते तारपा वाजवतात आणि स्वतः घडवतातही. दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने, मेण. एवढ्यावर ते वाद्य उभे राहते. सांधा सुटला तर मेण लावून पुन्हा बसवता येतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या आदिवासी बांधवांना मागास म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

वस्तूचे आयुष्य जाणूनबुजून तोडण्याची युक्ती जुनीच आहे. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि दिवा हजार तासांहून अधिक टिकू नये असे ठरवले. जास्त टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदांना दंड होत असे! २०१७ साली ‘ॲपल’ने जुन्या आयफोनची गती आपण कमी केल्याचे मान्य केले. बॅटरीचा बचाव हे कारण दिले. पण ग्राहकांना ते न सांगितल्याबद्दल २०२० साली फ्रान्समध्ये अडीच कोटी युरो भरावे लागले.

कायदा जागा होतो आहे, पण डोळे चोळत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी हवी. ही अट १८ फेब्रुवारी २०२७ पासूनची आहे. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने कवच उघडत नाही. सक्ती हवी: सुटे भाग ठरावीक वर्षे विकण्याची, आणि वस्तू किती वर्षे दुरुस्त करता येईल हे खोक्यावर छापण्याची.

तोवर आपल्या हाती २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. कंपनीची हमी संपली म्हणून त्याचे दार बंद होत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. एकाच तऱ्हेच्या मालाने फसलेले अनेकजण आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करू शकतात. तेव्हा ज्या कुटुंबांकडे असे मुके यंत्र कपाटात पडले असेल, त्यांनी ते भंगारात देऊ नये. बिल, हमीपत्र आणि कंपनीची उत्तरे घेऊन आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. आमची कागदपत्रे तयार आहेत.