शिकारीचा पैसा कोणाच्या हाती?

जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देऊ, अशी धमकी बोट्सवानाचे तत्कालीन अध्यक्ष मोकग्वीत्सी मासिसी यांनी एप्रिल २०२४ मध्ये दिली. शिकार केलेल्या प्राण्यांचे सुळे, शिंगे, कातडी यांच्या आयातीवर निर्बंध आणण्याची चर्चा जर्मनीत सुरू होती, त्यावरचा हा राग. अनेकांनी बातमी गंमत म्हणून वाचली. बोट्सवानात मात्र सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. रात्रीत उभे पीक जाते, माणसेही दगावतात. तिथे २०१४ मध्ये घातलेली शिकारबंदी २०१९ मध्ये उठवावी लागली.

हौशी श्रीमंतांकडून भरमसाट पैसे घेऊन मोजके प्राणी मारू द्यायचे आणि त्या पैशावर उरलेले राखायचे, याची किळस येणे स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये एका अमेरिकी दंतवैद्याने झिम्बाब्वेत सेसिल हा सिंह मारला, तेव्हा जग हळहळले. सिंहांच्या बाबतीत शास्त्रीय आक्षेपही आहे. कळपातला प्रमुख नर गेला की नवा नर त्याचे छावे मारतो, म्हणजे परवाना एकाचा आणि जीव अनेकांचे!

उत्तर पाकिस्तानातल्या मारखोरची, म्हणजे पिळदार शिंगांच्या रानबोकडाची, गोष्ट वेगळी आहे. एका परवान्याला लाखाहून अधिक डॉलर मिळतात, वर्षाला मोजकेच परवाने निघतात, तेही वयस्क नरांचे. यातली ८० टक्के रक्कम गावांकडे जाते. त्यातून शाळा, दवाखान्याची कामे होतात. पूर्वी मांसासाठी मारखोर टिपणारी गावे आज त्याची राखण करतात. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत हा प्राणी ‘संकटग्रस्त’ वर्गातून वर सरकला. हाच पैसा दलालांत आणि राजधानीत जिरला, तर ती नुसती शिकार.

भारताने १९७२ च्या कायद्याने शिकार थांबवली, वाघांचा खर्च सरकारी तिजोरीतून उचलला. ही ऐपत प्रत्येक देशाची नाही. पर्यटनावर भागेल म्हणावे, तर पर्यटकाला रस्ता, विमानतळ आणि हमखास दिसणारा प्राणी लागतो. आडबाजूच्या खडकाळ डोंगरात कोण जाणार? २०२० मध्ये कोविडने तर पर्यटक आणि शिकारी, दोघांचीही वाट बंद केली.

कडू औषध बंद करताना डॉक्टर आधी पर्यायी औषध लिहून देतो. युरोपात बंदी मागणाऱ्यांनी तेवढी रक्कम दरवर्षी या गावांच्या खात्यात भरण्याची हमी द्यावी, आणि हत्ती ज्यांच्या शेतात शिरतात त्यांनाही विचारावे.